चार बोटं जास्तीची

फिटर आला तो मुळात पत्ता चुकून. खांद्यावर इंजिन, कपाळावर घाम, आणि हव्या त्या कारखान्याऐवजी शिरला तो बारकीच्या बाबांच्या होड्यांच्या शेडमध्ये. बारकी एका होडीची मागची फळी पॉलिशपेपरने घासत होती.

"या फळीवर इंजिन बसणार?" त्याने विचारलं.

"तुमचं नाही बसणार."

"का बरं?"

"आधी ते खांद्यावरून उतरवा, मग सांगते."

त्याने इंजिन उतरवलं आणि तो तिथलाच झाला. बाबांनाही फिटर हवाच होता. एकुलती एक असून हिला बारकी का म्हणतात, हे त्याने पहिल्याच आठवड्यात विचारलं. "मोठी झाले की सांगेन," ती म्हणाली. पुढे 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. ती फळी करायची, तो त्या फळीवर इंजिन बसवायचा. फळीचा मध्य काढताना दोघांची डोकी एकाच पट्टीवर वाकायची, आणि मध्य सापडला तरी लवकर वर उठायची नाहीत. बाबा खोकून आत निघून जायचे. सगळं सगळ्यांना दिसत होतं, बोलत मात्र कुणीच नव्हतं.

मग आली ती जनावरांची डॉक्टर.

तळ्यापलीकडच्या गोठ्यांवर जायला तिला होडी हवी होती. इंजिन तिने स्वतःच आणलेलं, पण त्याची पाण्यात उतरणारी, टोकाला पंखा असलेली दांडी लांब. फळीवर लाकडाचा ठोकळा चढवून इंजिन चार बोटं वर घ्यायला हवं होतं.

"पाय लांब आहेत हो याचे," फिटर म्हणाला.

"असू देत, माझेही आहेत," डॉक्टर म्हणाली.

फिटर हसला. म्हणजे अगदी दात दाखवून हसला. बारकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुपारी पत्र्याच्या आडून तिला दोघांचं बोलणं ऐकू आलं.

"पलीकडे एकही मेकॅनिक नाही. जागा मी बघून देते. येताय का?"

"विचार चाललाय," फिटर म्हणाला. मग पाना घासल्याचा आवाज… आणि मग, "कल तुमच्याकडेच ठेवतो. थोडासाच."

कल तुमच्याकडे! इंजिन होडीकडे किती कललेलं ठेवायचं हा बारकीच्या रोजच्या बोलण्यातला विषय. पण त्या दिवशी तिचे कान तिचे नव्हते. तिला वाटलं, संपलं. हा चालला पलीकडे, आणि जाताना कुणाकडे बघत जाणार तेही ठरलं.

संध्याकाळी तिने ठोकळा केला. चार बोटांचा हवा होता, तिने आठ बोटांचा ठोकला. इंजिन फार वर गेलं की पंखा पाण्याऐवजी हवा खातो; इंजिन बोंबलतं आणि होडी जागची हलत नाही. बसू देत दोघांना बोंबलत.

सकाळी डॉक्टरला घाई होती. होडी पाण्यात उतरवून झाली होती. फिटरने इंजिन अडकवलं, स्क्रू आवळले. पाने हातात द्यायला डॉक्टर होतीच. बारकीचा ठोकळा म्हणून त्याने मोजूनही पाहिलं नाही. बांबूने होडी खोलात रेटली आणि इंजिन सुरू केलं.

ते जे कोकललं, ते काठापर्यंत ऐकू आलं. होडी ढिम्म. बांबू तळाला पोहोचेना. फजिती झाली खरी, पण भलत्याचीच. समोरासमोर बसलेली दोघं, आजूबाजूला नुसतं पाणी, आणि थोड्या वेळाने तिथून हसणं ऐकू यायला लागलं. बारकीने स्वतःच्या हातांनी त्यांना भर तळ्यात एकांत करून दिला होता. तिला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. शेवटी तीच दुसरी होडी वल्हवत निघाली.

ती जवळ पोहोचली तेव्हा फिटर ठोकळ्यावर बोटं ठेवून बसला होता.

"तुझ्या हातून नखभर चुकत नाही. हे चार बोटं कसं चुकलं?"

"चुकलं नाही."

"मग?"

"मुद्दाम केलं."

डॉक्टर तोंड फिरवून लांबची झाडं बघायला लागली.

"वारा सुटला असता तर?" तो म्हणाला. आवाज दुखावलेला होता. "मी मोजलंसुद्धा नाही, बारके. तुझं काम म्हणून."

"तूच म्हणालास ना, कल तिच्याकडे आहे म्हणून…"

"मी?" तो बघतच राहिला. "अगं, इंजिनाचा. इंजिनाचा कल!"

"तासभर मी तुझंच कौतुक ऐकतेय," डॉक्टर झाडांकडे बघतच म्हणाली. "हसून हसून पोट दुखलं. आता ओढ होडी, पलीकडे गाय अडलीय."

बारकीचे कान तापले. मान खाली घालून ती दोर बांधू लागली. "चुकलं माझं. पण तू दुसऱ्या कुणाशी हसलास की मला नाही बघवत."

"कळलं ते. चांगलं चार बोटं कळलं."

"पलीकडे जाणार आहेस?"

"जाणार. पण एकटा नाही… मला तू हवी आहेस. फळ्यांसाठी नाही. म्हणजे… फळ्यांसाठी पण."

गाठ मारून झाली होती, तरी तिच्याने हातातला दोर सोडवेना. मग तिने वल्ही उचलली.

"पलीकडे होडीवाल्या बाया किती आहेत?"

"असतील की बऱ्याच."

"मग तिकडे फळ्या तू कर," ती म्हणाली. "इंजिनं मी बसवीन."