सात नंबर, चलो

ही घटना घडलेली आहे. शालूमावशीला वाढवून सांगायची सवय नाही. ताप किती आला ते सांगतानाही ती अर्धा अंश इकडेतिकडे करत नाही.

मे महिना, १९८८. भिलाईची कॅम्प-१ वस्ती.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

शालू तेव्हा पंचविशीची, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. अहिवाऱ्याकडच्या खाणीतून चुनखडी आणणाऱ्या एका खासगी ट्रान्सपोर्टच्या टिनाच्या ऑफिसात ती कंट्रोलवर बसायची. मालक गुलाबराव तिच्या वडिलांचे जिवलग दोस्त. वडील गेल्यावर त्यांनीच तिला नोकरी दिली. ती त्यांना काका म्हणायची.

ट्रकांत वायरलेस बसवायची कल्पना शालूचीच. ड्रायव्हर वाटेतून कळवत जायचे, खाण, अहिवारा गाव, पोलाद कारखान्याचं फाटक, आणि ती भिंतीवरच्या नकाशात टाचण्या सरकवायची. खाणीतली रांग संपली. डिझेल वाचू लागलं.

तिने एक नियमही घातला होता. गाडीत बिघाड असला तर कंट्रोल ती थांबवणार. आणि थांबवलेली गाडी फक्त शालूच्या आवाजावर हलणार. मालकाच्याही नाही.

"घरवाली म्हनते निंगा, शालूबाई म्हनते थांबा," सात नंबरचा धोंडबा हसायचा. "जीव कोनाले जास्त लागते, पाहा!"

त्या सोमवारी धोंडबाचाच आवाज आला.

"शालूबाई, ब्रेक धरून नाई राहिला. समोर उतार हाये."

"तिथंच थांबा. मेकॅनिक पाठवते. मी सांगेपर्यंत हलू नका."

"नाई हालत."

"जा पोरी, जेवून ये," काका म्हणाले. "मी बसतो."

ती जेवून परतली तेव्हा सात नंबर उताराखालच्या नाल्यात उलटा पडला होता.

धोंडबा गेला होता.

आणि सगळ्या ड्रायव्हरांनी वायरलेसवर शालूचा आवाज ऐकला होता. "सात नंबर, चलो."

ती तर घरी होती. आईच्या समोर बसून जेवत होती.

आईनेही तसं सांगितलं, पण कोणी मानलं नाही. धोंडबाची बायको अंजनाबाई ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली.

"माया मानूस तुया शब्दावर गेला ना वो?"



"उन्हानं होते असं," काकांनी शालूच्या डोक्यावर हात ठेवला. "जेवाले जायच्या आधी बोलली असशीन, आठवत नसन. कावून मनाले लावून घेतं? मी आहो ना."

हळूहळू तिला स्वतःचाच भरवसा वाटेना.

आणि मग ती दुपार आली.

बाहेर लू, उन्हाळ्यातला भाजणारा वारा, वाहत होती. ऑफिसात ती एकटी. मागच्या फळीवर अपघातातून आणलेला सात नंबरचा वायरलेस सेट पडला होता. चेपलेला. वायरी तुटलेल्या.

खर्रर्र...

"कंट्रोल... सात नंबर. खाणीतून निंगालो."

शालू उठली. सेट उलटून पाहिला. बॅटरी नाही, एरियल नाही. टेबलाची लोखंडी कड हाताला भाजत होती...

सेट मात्र थंडगार होता.

तिने आपला माइक दाबला. "बारा नंबर, आत्ता कोण बोललं?"

"कोनीच नाई, मॅडम," बारा नंबरचा देवराव तुटकपणे म्हणाला. पूर्वी तो तिला शालूबाई म्हणायचा.

खर्रर्र...

"अहिवारा पार केलं."

सवयीने तिचा हात नकाशाकडे गेला. टाचणी सरकवून झाल्यावर तिला कळलं, आपण काय केलं ते.

"ब्रेक धरून नाई राहिला, शालूबाई. थांबतो मी."

वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला. टेबलावरचा कंट्रोलचा सेट तेवढा बॅटरीवर चालू राहिला.



मग त्याच सेटमधून तिचा स्वतःचा आवाज आला.

"सात नंबर, चलो."

तिचे ओठ मिटलेले होते.

"सात नंबर, चलो."

दुसऱ्यांदा तिने प्रयोगशाळेत ऐकावं तसं कान देऊन ऐकलं. आवाजाच्या मागे आणखी एक आवाज होता. बारीक, एकसारखा...

टिनावर पडणारा पाऊस.

मे महिन्यात?

तिला आठवलं. गेल्या ऑगस्टमध्ये, भर पावसात, काकांनी तिला टेपरेकॉर्डरसमोर बसवलं होतं. एकेक नंबर, थांबा, चलो, सगळं तिच्याकडून बोलून घेतलं होतं. नव्या मुलीला शिकवायला, असं म्हणाले होते. नवी मुलगी कधी आलीच नाही.

काका आत आले. गळ्यातल्या दुपट्ट्याने घाम पुसत.

"काका, त्या दिवशी तुम्ही टेप लावली?"



"तीन गाड्या आधीच उभ्या होत्या. ठेका हातचा जात होता, पोरी. तेवढा उतार तर उतरायचा होता."

"पण माझा आवाज, काका?"

"मंग काय करतो? तुयाशिवाय कोनाचं आयकत होते ते?"

ते हे अगदी साधेपणाने बोलले. कौतुक केल्यासारखे.

शालूने माइक उचलला. काका पुढे सरसावले, तिने त्यांचा हात झटकला.

"सगळ्या गाड्यांनी ऐका. सात नंबरला मी सोडलं नव्हतं. माझी टेप लावली होती. गुलाबरावांनी."



मग मागच्या फळीवर...

खर्रर्र...

"शालूबाई," धोंडबा म्हणाला. "आता हे बी टेपच हाये का?"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनीही ऐकलं होतं. दुसऱ्याच क्षणी टेबलावरच्या सेटमधून देवरावचा कापरा आवाज आला. "शालूबाई... हा धोंडबा होता ना?"

तिने त्याला उत्तर दिलं नाही. ती फळीसमोर गेली. त्या मेलेल्या सेटशी, माइकशिवाय, बोलू लागली.

"धोंडबा, मीच आहे. मीच बोलतेय. हलू नका."

पुन्हा पुन्हा. घसा बसेपर्यंत.

सेटमधून काहीच आलं नाही.

त्याच दिवशी तिने नोकरी सोडली. गुलाबरावांशी ती पुन्हा बोलली नाही. धोंडबाने तिचं ऐकलं का, विश्वास ठेवला का, ते तिला आजही माहीत नाही.

तो कसा ठेवेल, ती विचारते. त्या दिवशीही आवाज माझाच होता.