नळीतून दिसणारा दगड

गुन्वोरला त्या वर्षी एकच रेनडिअर हवा होता, आणि तोही एकाच गोळीत.

तीन वर्षांपूर्वी तिच्या गोळीने एक मादी नुसती जखमी होऊन पळाली होती. जखमी जनावर शोधल्याशिवाय शिकाऱ्याने घरी परतायचं नाही, असा हार्डांगरच्या पठारावरचा कायदाही आहे आणि रीतही. गुन्वोर आणि तिचा थोरला भाऊ ओस्मुंद दोन दिवस दगडांवरचे रक्ताचे थेंब बघत वणवण फिरले. तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि थेंब धुऊन गेले. ती मादी कुठल्या खाचखळग्यात किती दिवस तडफडली असेल, हा विचार गुन्वोरच्या डोक्यातून जाता जात नव्हता. त्यानंतर रायफल कपाटातच पडून होती. या ऑगस्टमध्ये तिने ती बाहेर काढली ती मनाशी एक ठरवूनच: पुन्हा असं झालं, तर रायफल विकायची आणि शिकारीचं नाव काढायचं नाही.

नव्या सुरुवातीला दुर्बीणही नवी हवी, म्हणून तिने रायफलवरची जुनी दुर्बीण उतरवून नवी बसवली होती आणि गावाच्या मैदानावर चाळीस गोळ्या घालून नेम पक्का केला होता. ओस्मुंद मात्र या वसंतात सरकारी नेमबाजीच्या परीक्षेत साफ नापास झाला होता. सहासष्टाव्या वर्षी डोळे दगा देऊ लागले होते. म्हणून तो फक्त ओझं वाहायला आणि सल्ले द्यायला आला होता. त्यातलं दुसरं काम तो न मागता करायचा.

"जुनीत काय वाईट होतं?" चढावर त्याने तिसऱ्यांदा विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"मला तिच्यातून बघवत नाही, ओस्मुंद."

चौथ्यांदा त्याने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते नदीपाशी पोचले. एरवी गुडघाभर असणारी ही नदी आठवडाभराच्या पावसाने फुगून मांडीपर्यंत आली होती, आणि बर्फाचं पाणी ते. त्यात पाय घातला की हाडं ठणकायला लागतात. गुन्वोर पुढे, ओस्मुंद मागे. दोघांच्या हातांत बर्चच्या काठ्या. नदीच्या मध्यावर गुन्वोरच्या पायाखालचा धोंडा गरकन फिरला. ती कोसळली! पाठीवरचं ओझं तिला प्रवाहाबरोबर ओढू लागलं. तोंडात पाणी, कानात पाणी, वर आकाश, पुन्हा पाणी! तिच्या हाताला काठीचं टोक लागलं. तिने ते धरलं. दुसऱ्या टोकाला ओस्मुंद दोन्ही पाय रोवून उभा होता.

"सोडू नकोस," तो ओरडत नव्हता, नुसतं सांगत होता. "मी आहे. पाय लाव. लागला? आता उठ."

काठावर आल्यावर तिने आधी रायफल पाहिली. नळी शाबूत, लाकूड शाबूत. दुर्बिणीची पुढची काच मात्र तडकली होती आणि आत पाणी खेळत होतं. रायफलीला दुर्बिणीशिवाय नेम धरायला दुसरं काहीच नव्हतं.

"संपलं," ती म्हणाली.

"आधी झोपडीत चल. ओल्या कपड्यांनी निर्णय घ्यायचे नसतात."

दगडी झोपडी तासाभरावर होती. चूल पेटली, कपडे वाळत पडले, कॉफी उकळली. मग ओस्मुंदने आपल्या पाठपिशवीच्या तळातून लोकरीचा एक जाडजूड मोजा काढला आणि त्यातून जुनी दुर्बीण!

गुन्वोर बघतच राहिली. "ही का आणलीस?"

"तुझ्या नव्या वस्तूंवर माझा भरवसा नव्हता. शिवाय मोजा तसाही रिकामा होता."

तिला राग आला, हसू आलं, आणि शेवटी रागच उरला. हीच ती दुर्बीण. हिच्यातूनच तिने त्या मादीवर नेम धरला होता. पण गावाला परतायला दोन दिवस, पुन्हा यायला दोन दिवस, आणि तोवर तिची रजा संपत होती. तिने मुकाट्याने पाना हातात घेतला. जुनी दुर्बीण त्याच कड्यांत बसली.

पण दुर्बीण बसली म्हणजे नेम बसला असं नव्हे. दुर्बीण एकीकडे बघते आणि नळी दुसरीकडे. दोघींना एका जागी बघायला लावावं लागतं. झोपडीच्या दारासमोर छोटं तळं होतं, आणि त्याच्या पलीकडे, शंभर पावलांवर, काळ्या कातळावर ताटाएवढा पांढऱ्या दगडफुलाचा ठिपका. गुन्वोरने दोन पाठपिशव्यांच्या खाचेत रायफल ठेवली, बाजूंनी चपटे दगड लावून ती पक्की आवळली. मग रायफलीचा बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, उपसून काढला आणि मागून नळीत डोळा लावला. आत गुळगुळीत, चकचकीत अंधार आणि त्याच्या टोकाला उजेडाची टिकली. तिने रायफल केसभर डावीकडे ढकलली, केसभर खाली दाबली. पांढरा ठिपका सरकत सरकत त्या टिकलीच्या बरोबर मध्ये आला.

आता दुर्बिणीत डोळा. काचेवरची नेमाची फुली कुठे तर वर, ढगात.

"काय दिसतंय?" ओस्मुंद खांद्यावरून वाकला.

"ढग. आणि मानेवर तुझा श्वास जाणवतोय. सरक."

तिने दुर्बिणीवरची फिरकी फिरवली. टिक, टिक, टिक. फुली खाली आली. बाजूची फिरकी. टिक, टिक. फुली ठिपक्यावर आली. मग पुन्हा नळीतून पाहिलं, तर ठिपका टिकलीतून निसटलेला. फिरकी फिरवताना रायफल हलली होती. पुन्हा पहिल्यापासून. असं सहा वेळा झालं. सातव्या वेळी नळीतूनही ठिपका दिसला आणि दुर्बिणीतूनही. गुन्वोर मागे सरली आणि तिने आखडलेली बोटं चोळली. हे काम तिला मनापासून आवडायचं. त्यात घाई चालत नाही, आवाज नसतो, आणि आपण नीट बघतोय की नाही हे लगेच कळतं.

तरी एवढ्याने भागत नाही हेही तिला ठाऊक होतं. पत्ता विचारत विचारत आपण गल्लीपर्यंत आलो, एवढंच. घर हेच का, ते दार वाजवल्याशिवाय कळत नाही. तिने बोल्ट परत घातला आणि तीन काडतुसं हातात घेतली.

ओस्मुंद दारात उभा राहिला. "थांब. आधी वर जाऊन बघू."

झोपडीमागच्या टेकाडावरून त्याने गळ्यातली लांबचं बघायची दुर्बीण डोळ्यांना लावली, मग तिच्याकडे दिली. पलीकडच्या उतारावर, बर्फाच्या पट्ट्यावर, दीडशे-दोनशे रेनडिअर निवांत बसले होते. जेमतेम दोन किलोमीटर!

"आता गोळी झाडलीस, तर हा सगळा कळप खिंड ओलांडून जाईल. तिकडे आपला परवाना चालत नाही."

"नेम तपासल्याशिवाय मी जनावरावर गोळी घालणार नाही."

"नळीतून बघितलंस की सात वेळा. आणि हंगामाच्या पहिल्या आठवड्यात डोंगरात दगडावर कोण गोळ्या घालतं? खिंडीपलीकडचे लोक आहेत, आवाज त्यांना ऐकू जाणार. हंगाम संपल्यावरच्या जेवणात काय बोलतील? माझ्या तरुणपणी एकाने असं केलं होतं. मरेपर्यंत त्याला सगळे दगडमार म्हणायचे. त्याच्या मयताला सुद्धा म्हणाले."

"मागल्या वेळी..."

"मागल्या वेळचं आता काढू नकोस."

तिने काडतुसं खिशात टाकली. आपण त्याला गप्प करायला हवं होतं, हे तिला झोपताना कळलं.

सकाळी धुकं होतं आणि वारा समोरून, म्हणजे मनासारखा. दोघं निघाले. धोंड्यांच्या चढावर शेवाळ इतकं निसरडं होतं की प्रत्येक पाऊल आधी हाताने चाचपून मग टाकावं लागत होतं. बर्फाच्या एका पट्ट्यावर ओस्मुंदचा पाय खचकन आत गेला. खालून ओढ्याचा खळखळाट ऐकू आला. गुन्वोर पोटावर पालथी पडली आणि त्याचा पट्टा धरून मागे खेचू लागली. मांडीपर्यंत भिजलेला ओस्मुंद बाहेर आला आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने बूट उलटा करून पाणी ओतू लागला. पुढचे दोन तास सरपटणं. ओल्या मातीचा, रेनडिअरच्या लेंड्यांचा वास. कोपरं सोलवटली, गुडघे बधिर झाले. आणि सरपटताना माणसाला विचार करायला फार वेळ मिळतो.

तीन वर्षांपूर्वी, शिकारीच्या आदल्या संध्याकाळी, रायफल याच झोपडीच्या भिंतीवरून घसरून दुर्बिणीवर पडली होती. तिने काडतूस काढून म्हटलं होतं, एक गोळी घालून बघते. ओस्मुंद हसला होता, दगडमार व्हायचंय का म्हणून. तीही हसली होती. तिने आजवर ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, आणि त्यानेही ती कधी काढली नव्हती.

धुकं अचानक विरळ झालं. समोर, नव्वद पावलांवर, कळप!

ओस्मुंदने बोटाने दाखवलं. एक मजबूत नर, डावीकडे तोंड करून, आडवा उभा. शिंगांवरची मऊ कातडी, दर ऑगस्टला गळते तशी, अर्धी सोललेली. गुन्वोरने रायफल पुढे घेतली. पाठपिशवीवर टेकवली. काडतूस आत गेलं. फुली खांद्याच्या मागे येऊन थांबली आणि हललीच नाही. इतका स्थिर नेम तिने आयुष्यात धरला नव्हता. बोट चापावर गेलं.

"घाल," ओस्मुंद पुटपुटला.

नर मान खाली घालून चरत होता. त्याच्या बरगड्या फुगत होत्या, बसत होत्या. फुली आपल्याला काय वाटतं ते दाखवते. गोळी जाते ती नळी दाखवेल तिकडे. त्यातलं पहिलं तिला माहीत होतं. दुसरं नव्हतं.

"घाल ना, गुन्वोर."

तिने रायफल उचलली, कळपापासून दूर, उजवीकडे वळवली. तेवढ्याच अंतरावर, मातीच्या चढाला टेकून एक कातळ होता, आणि त्यावर तळहाताएवढा पांढरा ठिपका. तिने फुली ठिपक्यावर आणली.

"काय करतेस?"

धाड!

पठार दणाणलं. दोनशे रेनडिअर एकदम उसळले! खुरांचा कडकडाट, शिंगांचं रान, उडणारी माती! सगळा कळप चढावर धावला, खिंडीत एका ओळीत दिसला आणि पलीकडे उतरला. मग पुन्हा शांतता. थोड्या वेळाने खिंडीपलीकडून दोन गोळ्यांचे आवाज आले, मग आणखी एक.

ओस्मुंद उठून बसला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "दोन दिवस चालून, नदीत बुडून, दोन तास पोटावर सरपटून तू दगड मारलास."

"हो."

"निदान लागला का?"

"चल, बघू."

ठिपका कोरा होता. गोळीची ताजी, करडी खूण त्याच्या बरीच उजवीकडे होती. ओस्मुंदने हात पसरून अंगठा ठिपक्यावर ठेवला. करंगळी खुणेपर्यंत पोचेना. एक वीत आणि वर चार बोटं. त्याने हात काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा मोजलं. डावीकडे तोंड करून उभ्या असलेल्या नराच्या खांद्यामागून उजवीकडे वीतभर आणि चार बोटं म्हणजे काय, हे त्याला सांगावं लागलं नाही. पोट. फुटलेली आतडी, रक्ताचे थेंब आणि दोन दिवस वणवण.

तो कातळाला टेकून उभा राहिला. "तू तेव्हा विचारलं होतंस," तो म्हणाला. "भिंतीवरून पडली तेव्हा. मीच नको म्हटलं."

"मी ऐकलं. चाप मीच ओढला होता."

"हो. पण दोन दिवस रक्त शोधत तुझ्याबरोबर हिंडलो, आणि मला तोंड उघडवलं नाही. तीन वर्षं तुला दुर्बिणीचा राग राग करू दिला."

गुन्वोरचे डोळे भरून आले. ती त्याच्यावर चिडली होती, आणि त्याच वेळी तिच्या छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. तिने नाक पुसलं. "माझ्याकडे दोन काडतुसं आहेत."

"पाठपिशवीत आणखी आहेत. फिरव ती फिरकी. नीट मोज. आणि घाल खुशाल, कोण काय म्हणेल ते बघू."

ती परत आपल्या जागी गेली. फिरकी फिरवली, टिका मोजल्या. दुसरी गोळी ठिपक्याच्या काठाला लागली. दोन टिका आणखी. तिसरी मध्ये. चौथीही मध्येच! ओस्मुंद दरवेळी कातळापाशी जाऊन डोळे किलकिले करून बघत होता आणि हात वर करत होता.

तेवढ्यात खिंडीवरून दोन माणसं खाली आली, पलीकडच्या खोऱ्यातली. एवढ्या गोळ्या ऐकून ती मदतीला आली होती. इतकं मांस दोघांना वाहवणार नाही असं त्यांना वाटलं होतं.

"किती पाडले?" लांबूनच एकाने विचारलं.

गुन्वोरने तोंड उघडलं, पण ओस्मुंद आधी बोलला.

"एक दगड. बहिणीने मारला," तो म्हणाला. "तीन वर्षांपूर्वीच मारणार होती. मी आडवा आलो आणि एक जनावर हाल हाल होऊन मेलं. हे जेवणाच्या वेळी सगळ्यांना सांगा. नाव माझं घ्या."

ओस्मुंद गुन्वोरच्या पायाशी वाकला आणि रिकामी काडतुसं वेचू लागला.