बोला शिरूर, दौंड बोलतोय

पहिल्याच ओळखीत त्यानं तिला झापलं होतं.

"शिरूर! अहो शिरूर! झोपलात काय? केव्हाचा कॉल धरून बसलोय!"

सन पंच्याहत्तरची गोष्ट. ललिताच्या नोकरीचा तिसरा दिवस होता तो. शिरूरच्या पोस्टामागच्या खोलीत टेलिफोनचा बोर्ड, समोर उंच स्टूल, कानावर जड हेडफोन आणि हातात कुठं खुपसायची ते न कळणारी दोरी. घाबरून तिनं ती भलत्याच भोकात खुपसली. दौंडचा अडत्या गुळाच्या व्यापाऱ्याऐवजी डॉक्टरीणबाईंनाच गुळाचा भाव विचारायला लागला.

पलीकडून हसू आलं. मोठं, मोकळं… कानाला गुदगुल्या होतील असं.

"नव्या दिसताय."

"हो…"

"मग असू द्या. मी पहिल्या आठवड्यात फौजदारसाहेबांना लाकडाच्या वखारीत जोडलं होतं. बराच वेळ ते वखारवाल्याला वरचे साहेब समजून सलाम ठोकत होते."

तेव्हापासून तो दौंड आणि ती शिरूर. ऑपरेटर लोकांची रीतच तशी. लाइनीवर स्वतःचं नाव घ्यायचं नाही, गावाचं घ्यायचं. पुण्याची लाइन भरलेली असली की लांबचे कॉल दौंडवरून जायचे, आणि पुण्याची लाइन कायमच भरलेली. त्यामुळे दुपारी दोन ते आठ या ड्युटीत पंधरावीस वेळा तरी तो आवाज यायचा.

"बोला शिरूर, दौंड बोलतोय."

तेवढ्यावर तिचा दिवस जायचा म्हणा ना! सगळ्या गावाचं बोलणं तिच्या कानातून जायचं. कुणाला पोरगा झाला, कुणाचा ऊस कारखान्यावर वजनाला उभा आहे, सगळं तिला आधी कळायचं. पण तिच्याशी बोलणारं कोणी नव्हतं. बुद्धवस्तीतल्या बरोबरीच्या मुली लग्न होऊन पांगल्या होत्या. गावातल्या मुली रस्त्यात हसायच्या, पण घरी या म्हणायच्या नाहीत. मॅट्रिक झालेली, सरकारी नोकरी लागलेली वस्तीतली पहिली मुलगी म्हणून आई-आप्पांना कोण कौतुक! आणि कौतुकाच्या पोरीला संध्याकाळी घरी जाऊन बोलायचं काय, ते कळत नसे.

दौंडला मात्र सगळं बोलता यायचं.

"शिरूर, पाऊस आहे वाटतं तिकडे?"

"कसं कळलं?"

"तुमचा पत्रा वाजतोय… आणि तुम्ही हळू बोलताय. पाऊस असला की तुम्ही हळू बोलता."

ललितानं पटकन दोरी ओढून घेतली. गाल गरम झाले होते. बोर्डाला काय दिसतंय, तरीही तिनं तोंड फिरवलं.

दोन वर्षं अशी गेली. दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. एकदा ती मावशीकडं पाटसला निघाली होती, तेव्हा एसटी दौंडच्या स्टँडवर वीस मिनिटं थांबली. समोर टेलिफोनच्या तारा सरळ एका पिवळ्या इमारतीत शिरत होत्या. उठावं, जावं, खिडकीत उभं राहून म्हणावं, "बोला दौंड…" तिनं पिशवी उचललीसुद्धा. मग वाटलं, आवाज आवडतो त्याला. चेहरा आवडला नाही तर? आणि नाव सांगावं लागेल, वस्ती सांगावी लागेल. मग तो हसला नाही तर? कंडक्टरनं घंटी मारली, ती तशीच बसून राहिली. पाटस येईपर्यंत तिनं स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

आणि श्रावणात भिलाईचं स्थळ आलं.

मुलाचे वडील शंकरराव मूळचे केंदूरचे, पण बरीच वर्षं भिलाईच्या पोलाद कारखान्यात. मुलगाही तिथंच चिकटलेला. क्वार्टर, नळ, वीज. आप्पा हरखून गेले. फोटो गेला, पत्र आलं, आता फक्त बोलणी. आणि बोलणी करायला आप्पा धुतलेली टोपी घालून थेट पोस्टात हजर!

"लले, भिलाई लाव!"

बूथ आणि बोर्ड यांच्यामध्ये नुसती एक फळी होती. स्वतःच्या लग्नाचा कॉल स्वतःच्या हातानं जोडायची वेळ कुठल्या पोरीवर येऊ नये बाई! तिनं दोरी खुपसली.

"दौंड… भिलाई हवी आहे. माझ्या… आमच्या आप्पांना."

"लावतो," तो हळूच म्हणाला. कसला कॉल ते त्याला तिच्या आवाजावरूनच कळलं असणार.

लाइन लागली, पण भिलाईचा आवाज अगदी बारीक. आप्पा बूथमध्ये गळा फोडून ओरडू लागले. "शंकरराव! आवं, ऐकू येतंय का? काय म्हनत्यात, काय बी कळंना!"

अशा वेळी मधला ऑपरेटर निरोप्या होतो. इकडचं ऐकून तिकडं सांगायचं, तिकडचं ऐकून इकडं.

"आप्पा, मी सांगतो तुम्हाला," दौंड म्हणाला. "मुलाकडचे म्हणतात, फोटो पाहिला… मुलगी पसंत आहे."

रोज हसणारा तो आवाज आज कोरडा पडला होता. ललितानं ओठ घट्ट मिटून घेतले.

"म्हणतात, दिवाळी झाली की उरकून टाकू. मुलीला नोकरी सोडावी लागेल. इथं गरज नाही म्हणतात."

"सोडंल की! त्यात काय!" आप्पा ओरडले.

सोडंल की! म्हणजे स्टूल, बोर्ड, दोन ते आठ… सगळंच. ललिताच्या सरावलेल्या कानाला भिलाईचा तो बारीक आवाज थोडाफार कळत होता. शंकरराव आता विचारत होते, "तिकडं पाऊस कसा आहे यंदा?" एवढंच. तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं.

आणि दौंड म्हणाला, "मुलाकडचे विचारतात… मुलीला विचारलंय का? तिची मर्जी काय आहे?"

ललिताच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

"आं?" आप्पांचा आवाज एकदम उतरला. "न्हाई बा… तसं इचारलं न्हाई अजून. इचारतो. इचारून चार दिसांनी कळवतो म्हनावं."

कॉलची ठरलेली तीन मिनिटं संपली. आप्पा बूथमधून बाहेर आले ते नुसते फुलून. "लले! काय मानसं हायती गं! पोरीची मर्जी इचारली! दिवा घिऊन हुडकलं तरी असलं सासर घावायचं न्हाई!"

घ्या! दौंड करायला गेला काय आणि झालं काय! रात्रीच्या जेवणापर्यंत अख्ख्या वस्तीत बातमी पोचली. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मला तर माज्या बापानं इचारलं न्हाई आन् तुमी बी न्हाई. चांगलीच मानसं म्हनायची." मग तवा उतरवून हळूच पुढं म्हणाली, "पर लई लांब हाय गं भिलाई…" आणि पदरानं डोळे पुसले. धूर गेला म्हणाली. ललिताला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी लाइन मोकळी झाल्याबरोबर तिनं दौंडला गाठलं.

"काय केलंत हे?"

"चुकलं का?"

"चुकलं का म्हणे! आप्पांना भिलाई आता सोन्याची दिसायला लागलीय!"

तो हसायला गेला, पण हसू अर्ध्यातच राहिलं. "मग खरं सांगून टाका. ऑपरेटरनं मनचं घातलं म्हणावं."

"आणि तुमची नोकरी?"

"जाईल. जाऊ द्या."

"जाऊ द्या काय! दौंड… का विचारलंत?"



"तुम्हाला कुणी विचारतच नव्हतं म्हणून," तो म्हणाला. "आणि… उत्तर मलाही ऐकायचं होतं, शिरूर."

तिला खूप बोलायचं होतं.  तेवढ्यात बोर्डावर कुणाचा तरी नंबर वाजला आणि तिला "नंबर प्लीज" म्हणावं लागलं. काय ही नोकरी! त्या संध्याकाळी ती घरी न जाता घोड नदीच्या पुलावर उभी राहिली. लांब जायची भीती तिला नव्हती. लांब गेल्यावर, पत्रा वाजतोय म्हणून कुणी ओळखणार नाही, याची होती. अशा माणसावर जीव जडला होता, ज्याचं नावही तिला ठाऊक नव्हतं. हे कुणाला सांगायचं? कोण हसणार नाही?

चौथ्या दिवशी आप्पा पुन्हा टोपी घालून आले. "लाव भिलाई. व्हय म्हनून सांगतो. तुजी मर्जी हायेच की, का गं?"

ललितानं हेडफोन गळ्यात उतरवला. 

"आप्पा… ते त्यांनी नव्हतं विचारलं."

"कुनी?"

"भिलाईवाल्यांनी. ते पाऊसपाणी विचारत होते. मर्जी विचारली ती… दौंडनं."

"कोन दौंड?"

"नाव ठाऊक नाही."

आप्पा तिच्याकडं बघत राहिले. ती रडत होती. लपवायचं सुचतही नव्हतं तिला. आप्पांना सगळं कळलं. त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. ललिताला वाटलं, आता हात उगारतात की काय. पण आप्पा बूथमध्ये जाऊन उभे राहिले.

"भिलाई ऱ्हाऊ दे. दौंड लाव."

"नंबर?"

"त्याला कुटला आलाय नंबर? त्यालाच लाव!"

तिनं दोरी खुपसली.

"बोला शिरूर, दौंड बोलतोय."

"शिरूर न्हाई, तिचा बाप बोलतोय!" आप्पा गरजले. "काय रं बाबा, पोरीची मर्जी इचारलीस. तुजी काय हाय?"

 पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज. बहुतेक तो उठून उभा राहिला असावा.

"आप्पा… माझं नावगाव तरी विचारा आधी."

"ते मागनं. आदी आमचं आईक. आमी वस्तीतली. बुद्ध. आता बोल."

"ठाऊक आहे मला."

"कसं?"

"दोन वर्षं बघतोय. चौदा एप्रिलला शिरूरला दुसरंच कोणी बोलतं. त्या दिवशी मी उगीच चिडचिड करतो." मग त्यानं स्वतःचं सांगून टाकलं. "मी इनामगावचा. वडील मारुतराव, बागायतदार. घरी कळलं तर दार लावून घेतील. पण माझी मर्जी तीच आहे, आप्पा. पहिल्या दिवशी गुळाचा भाव चुकला तेव्हापासून."

ललितानं डोळे मिटून घेतले. हेडफोन तिनं दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला होता.

"आन् दार लावल्यावर ऱ्हाशील कुटं?"

"इथं राहता येणार नाही. बदली मागेन. मिळेल तिथं, लांब…"

आप्पा कडवट हसले. "म्हंजी भिलाई काय आन् तू काय, पोरगी लांबच न्हेनार की रं!" मग फळीवर टकटक झाली. आप्पांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "लले… ह्यो बी लांब न्हेतोय. आता मीच इचारतो. तुजी मर्जी काय गं बाई?"

"आप्पा, तीन मिनिटं झाली," तिनं हुंदका गिळत सांगितलं.

"मग वाढीव की!"

"…जाईन. यांच्याबरोबर जाईन."

"ऐकलंस का रं?"

"ऐकलं," दौंड म्हणाला. आवाज पुरता भिजला होता त्याचा.

"आता सांग नाव."

"पोपट."

फळीच्या अलीकडं ललिताला रडता रडता हसू फुटलं. "म्हणूनच दोन वर्षं सांगत नव्हतो!" पलीकडून तक्रार आली.

लग्न विहारात झालं. इनामगावहून पोपटची एकटी ताईबाई आत्या आली. तीही घरात न सांगता. बदली मिळाली ती थेट गोंदियाला, पार दुसऱ्या टोकाला. निघायच्या दिवशी आई दौंडच्या फलाटावर उभी राहून एवढंच म्हणत होती, "धूर लई हाय गं हितं."

गोंदियात दोघांना एकाच बोर्डावर शेजारी स्टूल मिळालं. माणसं चांगली होती, पण बोलण्याची ढब वेगळी, भाजीची चव वेगळी, शेताच्या बांधाला धुरा म्हणायचे, तेही वेगळं. पोपट जीव लावायचा. घरी दारी तो तिला अजून शिरूरच म्हणायचा, आणि दिवसातून एकदा तरी कुणाच्या तोंडून आपल्या गावाचं नाव ऐकू येतं, म्हणून तिला बरं वाटायचं. तरी संध्याकाळ झाली की आत काहीतरी रितं व्हायचं. खिडकीतून दिसणाऱ्या तारा पश्चिमेला कुठवर जातात, ते तिला पाठ होतं. ती बघत बसायची.

पहिल्या श्रावणात एका रविवारी शिरूरचा कॉल आला. खूप लांबचा, खूप बारीक. आप्पा ओरडत होते एवढंच कळत होतं. शब्द एकही नाही. मधल्या कुठल्याशा गावचा ऑपरेटर, ना ओळखीचा ना पाळखीचा, मध्ये पडला.

"गोंदिया, मी सांगतो. शिरूरवाले विचारतात, तिकडं पाऊस कसा आहे?"

ललिताला पुढचं काही दिसेना. तिच्या आप्पांना पावसाचं काय पडलंय? फळीपलीकडं टोपी हातात धरून उभा असलेला बाप तिला लख्ख दिसला. शेजारच्या स्टुलावरून पोपटनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"सांग की, शिरूर."

"सांगा त्यांना," ती म्हणाली, "सुखात आहे. पण घर फार लांब वाटतं."

"बाई, त्यांनी पाऊस विचारलाय."

"माहीत आहे," ललिता म्हणाली. "तुम्ही एवढंच सांगा."