कोर्ट उठेपर्यंत

महेश्वरीनं पुढं केलेला तांब्या शांतम्मांनी हातानं बाजूला सारला, तसं त्यातलं पाणी हिंदकळून फरशीवर सांडलं आणि देव्हाऱ्यापर्यंत ओघळत गेलं…

"ठेव तिथं. माझ्या हातानं घेईन मी."

एवढंच बोलून त्यांनी पाठ फिरवली. महेश्वरी तशीच उभी राहिली. लग्न होऊन पाथरीच्या या घरात आल्यापासून सासूला पहाटेचं पाणी तिच्याच हातून लागायचं. इष्टलिंगाची पूजा आटोपली, कपाळाला विभूती लावली, की शांतम्मा न बघताच हात मागं करायच्या आणि त्या हातात तांब्या असायचाच. आज तो हात मागं आला नाही. लाथाडलं असतं तरी इतकं लागलं नसतं, असं महेश्वरीच्या व्याकुळ मनाला वाटून गेलं.

कारण काल संध्याकाळी घरात जे घडलं होतं, ते एका चटणीमुळं घडलं होतं.

'शांतम्मा शेंगाचटणी' हे नाव पाथरीत दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंपासून सेलू, मानवतच्या किराणा दुकानांपर्यंत माहीत होतं. शांतम्मांचे यजमान चंद्रप्पा हयात असताना घरात उखळावर कुटलेली चटणी डब्यात भरून गावोगाव विकत. ते गेले, मुलगा राजेश्वर हाताशी आला, आणि घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये कांडप मशीन बसली. महिलांच्या नावानं धंदा असला तर मशीनवर सरकारी सवलत मिळते, असं कळल्यावर राजेश्वरनं बायकोला सांगितलं होतं, की तू फक्त सह्या कर, बाकीचं मी बघतो. तिनं सह्या केल्या. अन्नाचा परवाना महेश्वरीच्या नावावर निघाला, पाकिटावर नाव सासूचं राहिलं, आणि या दोन नावांत काही अंतर आहे असं घरात कुणाच्याही मनात आलं नाही…

मग एके दिवशी अन्नसुरक्षा खात्याचे अधिकारी घरापुढच्या त्यांच्या दुकानात आले, चटणीची पाकिटं विकत घेऊन नमुना म्हणून सीलबंद करून घेऊन गेले. त्याचा निकाल काल आला होता. चटणीत खाण्याला बंदी असलेला रंग सापडला होता. वकीलबाई शुभदाताईंनी राजेश्वरला स्पष्ट सांगितलं, की चटणी कुणी कुटली, मीठ कुणी घातलं हे कायदा आधी विचारत नाही. परवाना कुणाच्या नावाचा, एवढंच विचारतो. खटला महेश्वरीवर चालणार.

 हे ऐकल्यावर शांतम्मांनी उठून गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं होतं आणि सगळ्यांच्या देखत शपथ वाहिली होती.

"ज्या हातानं माझ्या नावात हे इख कालवलं, त्या हातचं पाणी मी जीव जाईस्तोवर घेणार न्हाई."

शपथेत कुणाचंच नाव नव्हतं. पण पहाटे तांब्या परत फिरला, तेव्हा ते नाव महेश्वरीला कळलं.

त्या दिवसापासून घराला जणू दृष्ट लागली. संशय हा असा पाहुणा, की तो आला की सगळ्यांच्या पानात जेवतो. राजेश्वर शेडला कुलूप लावून किल्ली कमरेला बांधू लागला. शांतम्मा आपलं जेवण वेगळं रांधू लागल्या, आणि डोळ्यांवर मोतीबिंदूची साय आलेली असतानाही पिठाचा डबा उजेडात धरून न्याहाळू लागल्या. शेजारणीकडं दिलेल्या भाजीची वाटी भरलेली तशीच परत आली. महेश्वरी वालूरला माहेरी फोन करू लागली की राजेश्वर दारात येऊन उभा राहायचा. महेश्वरीही काही वेगळी नव्हती. तिचं मन नवऱ्यावर संशय घेत होतं. यंदा मिरची महागली तेव्हा यानं कुठून तरी तयार तिखट तर आणलं नसेल? मोठी ऑर्डर पुरी करायच्या नादात कुणाच्या बोलण्याला भुलला नसेल? त्याच्या शर्टाचे खिसे धुण्याआधी ती हुंगून बघायची, आणि मग आपल्याच हाताची तिला शिसारी यायची…

दुकानातली विक्री बंद होती. पण पाहुण्यारावळ्यांपुरती चटणी शांतम्मा अजूनही स्वतः कुटत. एका दुपारी महेश्वरी कोठीच्या दारातून आत जात होती, आणि तिचे पाय उंबऱ्यावरच थिजले.

शांतम्मांनी उखळ आवरलं होतं. भिंतीतल्या कोनाड्यातून त्यांनी एक पितळी डबी काढली, चिमूटभर काहीतरी वाटीतल्या तेलात टाकलं, बोटानं ढवळलं, आणि तो लालभडक तवंग चटणीवर ओतून हलक्या हातानं चोळू लागल्या. त्यात लपवाछपवी नव्हती, घाई नव्हती. देवाला कुंकू वाहावं तितक्या सहजपणे त्यांचा हात चालला होता.

महेश्वरी आवाज न करता मागं फिरली. त्या बाहेर गेल्यावर तिनं डबी उघडली, चिमूट पाण्यात टाकली. पाणी क्षणात लालेलाल झालं. बोटांना लागलेला रंग साबणानंही जाईना.

तिला सगळं उमगलं. मशीनवर कुटलेल्या चटणीवरही शेवटचा तेलाचा हात कोठीत शांतम्माच फिरवायच्या. आठवडी बाजारात रंगवाल्याकडून शांतम्मा सणावाराला 'खायचा रंग' घेतात, हे ती ऐकून होती. चंद्रप्पांच्या काळात कुणी गिऱ्हाईक म्हणालं असेल, की चटणी फिकी दिसते. तेव्हापासून ही चिमूट हाताच्या सवयीची झाली असेल; आपला हा 'खायचा' रंग आणि चटणीत सापडलेलं इख एकच, हे त्यांच्या ध्यानातही आलं नसेल. ज्या बाईनं आयुष्यभर खडेमीठसुद्धा पाखडून घेतलं, तिच्याच हातून, तिच्या नकळत…

आणि ती शपथ!

 लिंग तळहातावर घेऊन वाहिलेली शपथ शांतम्मा मोडणाऱ्यातल्या नव्हत्या. हा हात आपलाच आहे असं त्यांना कळलं, तर त्या स्वतःच्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाहीत. देव्हाऱ्यासमोर बसतील त्या पुन्हा उठायच्याच नाहीत.

महेश्वरीला आठवलं, की तिची कूस दोनदा रिती झाली तेव्हा भावकीतल्या लोकांनी राजेश्वरचं दुसरं लग्न करायचं घाटलं होतं. बैठकीत शांतम्मा पदर खोचून उभ्या राहिल्या होत्या. "ही सून न्हाई, माझ्या पोटची हाय. हिला काढायची असंल तर आदी मला काढा," असं त्या म्हणाल्या होत्या, आणि त्यानंतर या घरात त्या विषयाचं नाव निघालं नव्हतं. आईविना वाढलेल्या महेश्वरीला आई म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं होतं. त्या आईला आता आपण कुठल्या तोंडानं सांगायचं?

तिनं सांगितलं नाही. ब्याडगी मिरची कुटून, वस्त्रगाळ करून ती पूड तिनं डबीत भरली आणि रंग मोरीत ओतला. त्या दुपारची चटणी परसात खड्डा खणून पुरून टाकली.

नेमकं तेच राजेश्वरनं पाहिलं. रात्रीच्या जेवणाला तो बसला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं शुभदाताईंच्या समोरच तोंड उघडलं, की ही पुरावा पुरायलीय, मी डोळ्यानं बघितलं. शुभदाताईंनी महेश्वरीकडं पाहिलं. महेश्वरीनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि शांतपणे सांगितलं, की होय, रंग मीच घातला होता. गुन्हा कबूल करायचा आहे.

 बाहेर आल्यावर राजेश्वरनं एवढंच म्हटलं, "तुला काय कमी होतं गं या घरात?" त्याचे डोळे भरून आले होते. तिचे मात्र कोरडे होते. त्या रात्रीपासून तो दुकानात झोपू लागला, आणि निकाल लागला की तिला वालूरला पोचवायचं, असं बोलणं घरात सुरू झालं. महेश्वरी सगळं ऐकत राहिली. परत केलेला तांब्या ती रोज सकाळी भरून ठेवायची, आणि शांतम्मा तो ओतून स्वतः नवा भरायच्या…

कोर्टाची तारीख जवळ आली असताना एका सकाळी कोठीतून किंकाळी ऐकू आली.

महेश्वरी धावली. शांतम्मा डोळा दाबून जमिनीवर बसल्या होत्या. डबीतली चिमूट तेलात टाकून, त्याच बोटानं त्यांनी चिपडलेला डोळा पुसला होता. महेश्वरीनं पाणी आणलं, पण त्यांनी तिला ढकललं. आरडाओरडा ऐकून राजेश्वर दुकानातून पळत आला. शांतम्मांनी डबी त्याच्यापुढं धरली.

"बघ राजेश्वर, बघ हिचं! माझ्या डबीतला रंग काढून हिनं तिखट भरून ठिवलंय. मला आंधळी करायलीय ही. इतक्या वरसांत तो रंग कदी डोळ्याला झोंबला न्हाई…"

राजेश्वर जागच्या जागी उभा राहिला.

"अव्वा," तो फार हळू म्हणाला, "कसला रंग?"

"चटणीचा रंग. दुसरा कसला? तुझा बाप…"

आणि त्या थांबल्या.

 शांतम्मांचा एक डोळा लाल होऊन वाहत होता. दुसऱ्या, अंधुक डोळ्यानं त्या आधी डबीकडं, मग स्वतःच्या बोटांकडं आणि मग सुनेकडं बघत राहिल्या. महेश्वरीनं मान खाली घातली होती. त्या खाली घातलेल्या मानेतच शांतम्मांना सगळं दिसलं… डबीतलं तिखट, परसातला खड्डा, वकीलबाईंपुढची कबुली, आणि रोज सकाळी ओतून दिलेलं पाणी.

"तुला ठावं होतं," त्या कशाबशा म्हणाल्या. "आन् तू बोलली न्हाईस."

"कसं बोलू आत्याबाई? तुमी शपथ घेतली होती."

शांतम्मांनी गळ्यातलं लिंग चाचपलं आणि हात असा खाली सोडला, की जणू तो त्यांचा नव्हताच. डोळा जळत होता, तरी त्या पाण्याला शिवेनात. राजेश्वर पाया पडला, विनवण्या केल्या. हा हात बाटला, या हातचं मला चालायचं नाही, एवढंच त्या पुटपुटत राहिल्या. ज्याची महेश्वरीला धास्ती होती, तेच समोर येऊन बसलं होतं.

मग ती त्यांच्याजवळ गेली. मांडी घालून बसली. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन तिनं आधी तो डोळा धुतला. मग तांब्या त्यांच्या ओठांशी नेला.

"शपथ तुमच्या हाताची हाय आत्याबाई," ती म्हणाली. "माझ्या हातची न्हाई. माझ्या हातचं चालतंय तुमाला."

शांतम्मांनी तोंड पुढं केलं. आणि इतके दिवस नाकारलेलं ते पाणी, लेकरानं प्यावं तसं, त्या घोट घोट पीत राहिल्या. रडत होत्या, पीत होत्या. राजेश्वर दाराला टेकून उभा होता. त्याला पुढं यायचं होतं, पण बायकोच्या डोळ्याला डोळा भिडवायची हिंमत त्याच्यात नव्हती.

तारखेच्या दिवशी तिघंही एसटीनं परभणीला गेले. शांतम्मांनी निक्षून सांगितलं होतं, की मी येणार आणि साहेबाला खरं ते सांगणार. शुभदाताईंनी समजावलं, की परवाना महेश्वरीचा आहे. तुम्ही बोललात तरी तिची सुटका होणार नाही. शांतम्मा म्हणाल्या, न होऊ दे, पण तिच्यावर लागलेला डाग तरी पुसंल.

न्यायाधीशांनी महेश्वरीला विचारलं, तिनं गुन्हा कबूल केला. तेवढ्यात मागच्या बाकावरून शांतम्मा उठून उभ्या राहिल्या.

"साहेब, रंग माझ्या हातचा हाय. हिला ठावं बी नव्हतं."

कोर्टात कुजबुज झाली. न्यायाधीशांनी त्यांना पुढं बोलावून घेतलं, रंग कुठून घेत होता, केव्हापासून घालत होता, तो वाईट असतो हे माहीत होतं का, असं शांतपणे विचारलं. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, की परवानाधारक म्हणून जबाबदारी आरोपीची आहे, ती टळत नाही. पण घरातल्या वडीलधाऱ्या बाईचा अजाणपणा, आणि या सुनेनं ज्या रीतीनं दोष अंगावर घेतला, ते दोन्ही कोर्टानं लक्षात घेतलं आहे. त्यांनी दंड केला, आणि शिक्षा दिली ती कोर्ट उठेपर्यंतच्या कैदेची.

शुभदाताईंनी वाकून अर्थ सांगितला. संध्याकाळी कोर्टाचं काम संपून साहेब उठेपर्यंत इथंच, या बाकावर बसून राहायचं. तीच कैद.

महेश्वरी बसली. दुसऱ्यांचे खटले पुकारले जाऊ लागले, वकील आले, गेले. शिपायानं शांतम्मांना हळूच सांगितलं, की आजी, तुम्हाला शिक्षा नाही, बाहेर लिंबाखाली सावलीत बसा.

"माजी बी हीच शिक्षा हाय," शांतम्मा म्हणाल्या आणि सुनेला खेटून बसल्या.

शिपायानं न्यायाधीशांकडं पाहिलं. न्यायाधीशांनी मान खाली घालून समोरची फाईल उघडली.

दुपार कलली. पंख्याखाली गरम वारा फिरत राहिला. कधीतरी राजेश्वर आत आला आणि महेश्वरीच्या दुसऱ्या बाजूला, थोडं अंतर ठेवून बसला.   त्याच्या संशयाचे दिवस तिच्या काळजात अजून सलत होते, आणि ते काढायला या एका दिवसाचं बसणं पुरणार नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. पण तो उठून गेला नाही.

शांतम्मा मध्येच डुलकी घेत. त्यांचं डोकं सुनेच्या खांद्यावर कलंडायचं, आणि त्या दचकून विचारायच्या, की अजून किती. महेश्वरी त्यांच्या हातावर हात ठेवायची.

अखेर ऊन खिडकीतून उतरून भिंतीवर गेलं. शेवटचा पुकारा झाला. न्यायाधीश उभे राहिले, तसे सगळेच उभे राहिले. शांतम्मांचे गुडघे आखडले होते, त्यांना उठता येईना. एका बाजूनं महेश्वरीनं त्यांना आधार दिला, दुसऱ्या बाजूनं राजेश्वर पुढं झाला.

"उठलं का कोर्ट?" त्यांनी विचारलं.

"उठलं, आत्याबाई."

"मग चल पोरी," शांतम्मा म्हणाल्या, "घरला जाऊ."