अडतिसावा बाहुला

आदिलाबादची बस बेला गावात थांबली आणि टपावरून एक पोतं थेट पंचफुलाच्या पुढ्यात येऊन पडलं. पाठोपाठ शिडीवरून एक तरुण घाईघाईनं उतरला. कुरळे केस, बोटांना पिवळा रंग.

"राहू द्या बाई! तुमच्यानं नाई उचलणार."

हे त्यानं तिच्या डाव्या पायाकडे बघून म्हटलं होतं. पोलिओनं बारीक झालेला पाय, त्यात जाड तळाचा बूट. पंचफुलानं एका हातानं पोतं उचललं... आणि स्वतःच चकित झाली. आत जणू कापूसच होता.

"लाकूड हाय का हवा भरली?"

"पोणकीचं लाकूड. निर्मलची खेळणी याचीच होतात," तो ओशाळून हसला. "मी खुशाल. प्रौढ शिक्षणाच्या बाई कोठी भेटतील?"

"भेटल्या न. पोतं त्यायनंच उचललं."

१९८८चा डिसेंबर होता. जानेवारीत बोथला प्रौढ शिक्षण केंद्रांचा मेळावा होता आणि प्रत्येक केंद्रानं तिथं काहीतरी मांडायचं होतं. पंचफुलानं ठरवलं होतं : केंद्रात येणाऱ्या छत्तीस जणांनी आणि तिनं, प्रत्येकानं आपापली लाकडी बाहुली करायची. सगळं केंद्र एका फळीवर. निर्मलच्या कारखान्यात सहा वर्षं काढलेला खुशाल लाकूड तासणार. जोडणं, घासणं, रंगवणं बाकीच्यांनी करायचं.

कापूस वेचून झाला की दुपारी बाया यायच्या. शेतकऱ्यांच्या गल्लीतल्या मथुराबाई आणि बौद्ध वस्तीतल्या सखूबाई चिंचोक्याच्या खळीच्या एकाच वाटीत बोटं बुडवायच्या आणि त्या वाटीवरून भांडायच्या. गाडीच्या चाकाखाली पाय गेल्यापासून दौलतनं दोन वर्षं ओसरी सोडली नव्हती. एक दिवस तोही कुबडी टेकत आला, पॉलिशचा कागद मागून घेतला आणि मग रोज येऊ लागला.

कोणाचाही चेहरा तासण्याआधी खुशाल त्या माणसाकडे बराच वेळ बघायचा. पंचफुलाकडे जरा जास्तच.

"एवढं काय पाहून राह्यले?"

"नाकाचं माप घेऊन राह्यलो."

"काल घेतलं होतं न?"

"काल... ऊन कमी होतं."

ती वळून हजेरी लिहू लागली. हसू मात्र लपलं नाही.

हातपाय ढिगातून जोडले जात होते, त्यामुळे कोणती बाहुली कोणाची ते कळत नव्हतं. शेवटी खुशालनं मुंडकी बसवली आणि फळीवरचं कापड काढलं.

"हा कोन?" दौलतनं विचारलं.

"तुमीच, दौलतदादा."

"मी? मंग माही कुबडी कोठी गेली? हा तर सरपंचाचा जावई दिसून राह्यला!"

सगळे खदखदून हसले. पंचफुला हसली नाही. तिची बाहुली देखणी होती, सरळ, सारख्या दोन पायांची. सगळे गेल्यावर तिनं ती त्याच्यासमोर ठेवली.

"हे कोन पाहिजे होती तुमाले?"

"आमच्या उस्तादानं शिकवलं, बाहुलीत खोट ठेवाची नाई. मले वाटलं... तुमाले आवडंल."

"या पायानं मी रोज दीड कोस चालते. हा बूट वाजला की बाया पाट्या काढतात. अन् तुमी तोच पाय काढून टाकला. मंग महिनाभर पाह्यलं काय?"

दुसऱ्या दिवशी ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मेळाव्याला चार दिवस उरले होते.

दौलतनं करवत मागून आपल्या बाहुल्याचा पाय स्वतःच कापला आणि कुबडी तासली. मथुराबाईंच्या उजव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं. त्यांनी बाहुलीचा तो डोळा पांढरा रंगवला आणि दहा जणांना दाखवला. खुशालनं पंचफुलाची नवी बाहुली घडवली, ती मात्र उभी राहीना. बारीक डाव्या पायावर ती कलायची आणि पडायची. अशा चार बाहुल्या केल्या, चारही पडल्या.

"मागून टेकू लाव न गड्या," दौलत म्हणाला.

"टेकू नाई लावाचा," खुशाल म्हणाला.

तो उठला आणि पंचफुलासमोर येऊन उभा राहिला. "बाई... बूट दाखवता?"

ती थबकली. हा बूट तिनं आजवर कोणाच्या हातात दिला नव्हता. मग सावकाश नाडी सोडली. त्यानं दोऱ्यानं तळाची जाडी मोजली, टाच मोजली. झिजलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"सगळा तोल याच्यात हाय," तो हळूच म्हणाला. "मी पाह्यलंच नव्हतं."

पाचवी बाहुली उभी राहिली.

बोथच्या मांडवात बेल्याच्या फळीपुढं सगळ्यात जास्त गर्दी होती. दौलत कुबडी उंचावून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "हा मी! अन् हाही मीच!" पंचफुलाची मान आज ताठ होती. गर्दी ओसरल्यावर तिनं पिशवीतून आणखी एक बाहुला काढला. ओबडधोबड तासलेला, डोक्यावर कुरळे केस, बोटं पिवळी, नाक वाकडं.

खुशाल बघतच राहिला. "हा... मी?"

"हाव. नाक चुकलं जरा. ऊन कमी होतं."

"मंग माप परत घ्या न," तो म्हणाला. "घाई नाई... जन्मभर घ्या."

तिनं बाहुला फळीवर उभा केला. तो लगेच कलंडला. पुन्हा केला, पुन्हा कलंडला.

"याले काई उभं राहता येत नाई," ती म्हणाली. "टेकू लावू?"

"लावा."

पंचफुलानं तो आपल्या बाहुलीच्या खांद्याला टेकवला. जाड तळाच्या बुटावर उभी असलेली ती बाहुली जराही हलली नाही.