गुलाबी पाठीची अकरा पिल्लं

अठराव्या दिवशी सकाळी फ्रिजवर ठेवलेली उबवणी पेटी बोलायला लागली. शालनबाई तेव्हा भाकरी थापत होत्या. टुक्, टुक्, टूर्र. थोडं थांबून पुन्हा तेच.

"प्रांजल, तुझा फोन वाजतुया बघ."

"फोन नाही गं, पेटी आहे," लेक आतून म्हणाली. "अंड्यातल्या पिल्लांना आता ऐकू येतं. कोंबडी कशी अंड्यांवर बसल्या बसल्या त्यांच्याशी बोलत असते, तसं ही पेटी बोलते. बाहेर आली की पिल्लं याच आवाजामागे येतात. हाकलायला नको, पकडायला नको."

"आन् मग कोंबडीनं काय करायचं?"

प्रांजल हसत बाहेर आली. तिला आठवा महिना लागला होता. पहिल्या बाळंतपणाला ती पुण्याहून शिराळ्याला माहेरी आली, तेव्हा आईसाठी ही पेटी घेऊन आली होती, 'मातृका' नावाच्या कंपनीची. ऊब, ओल, अंडी फिरवणं, सगळं पेटीच बघायची. याच कंपनीचा एक मऊ पट्टा प्रांजलच्या पोटावरही असायचा. तिच्या ऑफिसात आई होणाऱ्या प्रत्येकीला तो भेट मिळे. दिवसातून चारदा तो बाळाला थांबून थांबून सुरावट ऐकवायचा. अंगावर असताना बाहेर त्याची नुसती गुणगुण ऐकू यायची. पुढे हीच सुरावट पाळण्यात, खेळण्यांत, शाळेच्या पाटीत असणार आणि त्यामुळे मूल हट्ट करत नाही, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. स्वतःच्याच पोटाशी एकटीनं काय बोलायचं, म्हणून प्रांजल आधी लाजायची. पट्टा आला आणि तिची त्यातून सुटका झाली.

शालनबाईंना यंत्रांचं वावडं नव्हतं. पण सगळी अंडी परक्याच्या हवाली करणं त्यांना पटेना. अकरा त्यांनी पेटीत ठेवली होती आणि नऊ खुडूक बसलेल्या तांबड्या कोंबडीखाली. त्या नवांवर कोळशाची रेघ ओढली होती, म्हणजे दुसऱ्या कोंबडीनं मध्येच येऊन अंडं घातलं तर ओळखू यावं.

एकविसाव्या दिवशी वीसच्या वीस पिल्लं निघाली. शालनबाईंच्या आनंदाला पारावार राहिला नाही. होळीचा उरलेला गुलाबी रंग त्यांनी पेटीतल्या पिल्लांच्या पाठीला लावला आणि त्यांचा खोका चुलीशेजारी ठेवला. पेटी बोलली की अकराही खाद्याकडे धावत. वेगळ्या सुरात बोलली की गुपचूप खोक्यात शिरत. एरवी पिल्लांना हाका मारून शालनबाईंचा घसा बसायचा. या खेपेला त्यांनी तोंडच उघडलं नाही.

"तुझ्यापरीस गुणाची हायती," त्या लेकीला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला त्यांनी सासूनं शिकवलेली युक्ती केली. अंधारून येताना गुलाबी पिल्लं एकेक करून तांबडीच्या पंखाखाली सरकवली. कोंबडीला मोजता येत नाही, सकाळी उठल्यावर सगळीच तिची होतात. तांबडीनं खरंच कुरकुर केली नाही. पेटीचं काम संपलं, म्हणून शालनबाईंनी तिचा प्लग काढला, पुसून कपाटावर टाकली.

तांबडी आई म्हणून खमकी होती. उकिरडा उकरून किडा सापडला की ती पिल्लांना बोलवायची. नऊ पिल्लं एकमेकांना तुडवत यायची. गुलाबी अकरा मात्र जागच्या जागी चिवचिवत राहायची. दाणे अगदी चोचीखाली टाकले तरच खायची. तांबडी बिचारी त्यांच्याकडे जाऊन पुन्हा पुन्हा तेच सांगायची आणि शेवटी दमून परत यायची.

"हिची भाषाच कळंना यास्नी," शालनबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला अंगणावरून घारीची सावली फिरली. तांबडीनं मान उंचावून लांबलचक आवाज काढला. नऊ पिल्लं दिसेनाशी झाली, सगळी पंखाखाली. अकरा गुलाबी पिल्लं उघड्यावर उभी होती. तांबडी जिवाच्या आकांतानं ओरडत होती आणि ती ढिम्म हलत नव्हती. शालनबाई खराटा घेऊन धावल्या, पण घारीनं एक उचललंच. ते पिल्लू पळालंसुद्धा नाही. शेजारची दहा तिथंच उभी राहिली.

"मेल्यांनो, पळा की रं!" शालनबाईंना रडू फुटलं.

आरडाओरडा ऐकून प्रांजल बाहेर आली. चारच्या वेळेचा पट्टा ती बांधायलाच घेत होती, तो तसाच तिच्या हातात होता. तेवढ्यात तो सुरू झाला.

टुक्, टुक्, टूर्र.

दहाही पिल्लं वळली आणि तिच्याकडे धावत सुटली. तिच्या पायांवर चढली, साडीच्या काठाला चोची मारू लागली, माना वर करकरून बघू लागली. प्रांजलनं हातातल्या पट्ट्याकडे पाहिलं. मग आईकडे. पेटीचा आवाज दोघींनीही चांगला ओळखला होता.

"टाक ते," शालनबाई म्हणाल्या. "आधी टाक ते हातातलं!"

प्रांजलनं पट्टा धुण्याच्या दगडावर टाकला. पिल्लं तिला सोडून त्याच्यामागे गेली. ती पायरीवर बसली. शालनबाईंनी शेजारी बसून लेकीच्या पोटावर तळवा ठेवला.

"तू बोल त्येच्याशी. आईचा आवाज हाय, वळखंल."

"बाळा," प्रांजल म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती त्याच्याशी बोलत होती. "बाळा, मी आहे. आई आहे."

पोट स्वस्थ होतं. ती पुन्हा बोलली, त्याच्यासाठी मनात ठरवलेल्या नावानं हाक मारली. शालनबाईंनी अंगाई म्हणून पाहिली. त्यांच्या तळव्याखाली काहीच हललं नाही.

मग दगडावरचा पट्टा पुन्हा बोलला. टुक्, टुक्, टूर्र. बाळानं इतक्या जोरानं लाथ मारली की शालनबाईंचा हात उचलला गेला. पाठोपाठ दुसरी, मग तिसरी, सगळ्या त्या दगडाच्या दिशेला. आवाज थांबला आणि पोट पुन्हा शांत झालं.

उकिरड्याजवळ तांबडी अजून बोलावत होती. प्रांजलनं आईचा हात घट्ट धरला.

"आई, हे माझ्या हाकेला येईल ना गं?"