न दिसणाऱ्या धुराचा नकाशा

शाळेतली मुले सकाळच्या प्रार्थनेतच खोकू लागत; पण तो झोंबरा वास नेमका कुठून येतो, हे गावात कोणालाच सांगता येत नव्हते. वारा फिरला की वासही फिरे. बेदाणा सुकवणाऱ्या शेडमध्ये एका बंद खोलीत गंधकाची धुरी देतात, तिचाच तो वायू, एवढे खरे. परंतु शेड नऊ होत्या, तीन-तीनच्या तीन ओळींत. शाळेला सर्वांत जवळची शेड मैथिलीच्या आत्याची, म्हणून ग्रामसभेने तीच सोमवारपासून बंद करायचे ठरवले. आत्याचे वर्ष त्या एका हंगामावर निघे. ती भांडली नाही, नुसती गप्प झाली. आणि मैथिलीला तो अबोला वासाहून अधिक झोंबला.

तिने तालुक्याच्या प्रयोगशाळेला कळवले, तेव्हा तिथून टिटवी आली. टिटवी म्हणजे बारीक पायांचा, कपाळावर दिवा असलेला मापक यंत्रमानव. "पाय काडीवाणी नि डोळा केवढा," आत्या त्या सभेनंतर पहिल्यांदाच बोलली. "वाऱ्यानं पडंल की गं हे."

टिटवीने शांतपणे समजावले. तिच्या दिव्यातून अतिनील किरण (जांभळ्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) निघतात. दूरचा आरसा त्यांना परत पाठवतो. गंधकाचा वायू या प्रकाशातले ठरावीक रंग गिळतो. जेवढे कमी परतले, तेवढा वायू वाटेत अधिक. हेच प्रकाशीय दूरसंवेदन (प्रकाशाने दुरून केलेले मोजमाप).

आरसे मैथिलीने मांडले. या गावात पाण्याचे पाइप, द्राक्षांच्या ट्रॉल्या, माणसे, सारे ओळींलगतच्या बोळांतूनच जाते. तिनेही सवयीने प्रत्येक आरसा बोळाच्या टोकालाच लावला. मधल्या बोळात वायू सर्वाधिक निघाला. त्या बोळालगतच्या ओळीतच आत्याची शेड होती. जमलेल्यांनी माना डोलावल्या.

"वाटेत किती, ते किरण सांगतो," टिटवी म्हणाली. "वाटेत कुठे, ते त्यालाही ठाऊक नसते."

तिने पायाच्या नखाने धुळीत नऊ चौकटी आखल्या. आडव्या ओळींच्या बेरजा कळल्या, तरी चौकटींतले आकडे कळत नाहीत. उभ्या आणि तिरप्या बेरजाही हव्यात. डॉक्टर शरीराच्या आतले चित्र असेच जुळवतात. त्याला छेदचित्रण (अनेक दिशांच्या मापांवरून आतली रचना शोधणे) म्हणतात.

मैथिलीला आपली चूक उमगली. पण उभे किरण, म्हणजे ओळींना छेदून जाणारे, शेडच्या आरपार जायला हवेत. हा वायू हवेहून जड, जमिनीलगत सरपटणारा. वरून किरण सोडून उपयोग नव्हता. शिवाय धुरी चालू असतानाच मोजायचे, म्हणजे भर दुपारी बाजूच्या जाळ्या गुंडाळायच्या. ऊन लागले की बेदाण्याचा हिरवा रंग उतरतो, आणि रंगाबरोबर भावही. ती आत्याकडे पाहू शकली नाही.

आत्याने मात्र जाळीची दोरी सोडली होती.

"आत्या, माल पिवळा पडेल."

"पडू दे. पोरांच्या छातीपरास माल मोठा हाय व्हय?"

आत्याच्याच ओळीच्या पलीकडच्या टोकाचे दाजी शेडवाले बराच वेळ उभे राहिले. मग हिनेच जाळी वर केल्यावर आपण कसे बघत बसायचे, असे पुटपुटत त्यांनीही जाळीला हात घातला. हळूहळू साऱ्या शेड उघड्या झाल्या.

किरण उभे गेले, तिरपे गेले. टिटवीच्या पडद्यावर नकाशा उमटला: दाजींच्या धुरीच्या खोलीपाशी गडद तांबडा डाग. मैथिलीने श्वास सोडला, आणि तेवढ्यात तिला दुसरा डाग दिसला. आत्याच्याच धुरीच्या खोलीच्या दारापाशी, फिकट, लहान, पण होता. नकळत तिने त्यावर अंगठा ठेवला.

आत्याने तो अलगद उचलला. "झाकून काय व्हतंय बाळा? वास जातोय व्हय?"

दाजी तडक घरी गेले. दाराच्या फटी बुजवायची रबराची पट्टी घेऊन आले, दोन दारांना पुरेल एवढी. अंधार पडायच्या आत दोघांनी मिळून आधी त्यांचे दार बंदिस्त केले, मग आत्याचे. ग्रामसभेत नकाशा दोन्ही डागांसह दाखवला गेला, आणि बंदीऐवजी साऱ्याच दारांची दुरुस्ती ठरली.

निघताना मैथिलीने टिटवीला विचारले, एक दिवस साऱ्या खोऱ्याच्या हवेचा नकाशा काढता येईल का.

"आरसे पुरतील," टिटवी म्हणाली. "जाळ्या वर करणारी माणसे किती मिळतील, ते मला मोजता येत नाही."

मैथिलीने आरशांची पेटी उचलली आणि पुढच्या गावच्या वाटेवर ती टिटवीबरोबर चालू लागली.